मोठ्या विमानतळाला यंत्रं, छोट्या धावपट्टीला नुसते डोळे! बारामतीच्या अपघातानंतर पनवेलकरांनी समजून घ्यावी अशी धुक्याची गोष्ट

पनवेल : हिवाळ्यात पहाटे गाढी नदीच्या काठाने किंवा खाडीच्या बाजूने जाणाऱ्याला धुकं काही नवीन नाही. दूधवाला, भाजीचा टेम्पो, कळंबोलीहून एक्स्प्रेस वेवर चढणारा ट्रक, लोकल, सगळंच डिसेंबर-जानेवारीत थोडं उशिरा येतं. लोक कुरकुरतात, पण समजून घेतात. ‘धुकं होतं’ एवढं सांगितलं की विषय संपतो.

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेल तालुक्याच्या आकाशात आणखी एक वाहन रोजचं झालं. उलव्याच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून त्या दिवशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. उलवे, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली या गावांनी ज्या विमानतळासाठी घरंदारं आणि शेती सोडली, तिथं आता विमानं चढतात-उतरतात. आणि सेवा सुरू होऊन महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच बारामतीची बातमी आली. तेव्हापासून चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय : धुक्यात गाडी हळू चालवता येते, रस्त्याच्या कडेला थांबवता येते, विमानाचं काय?

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. धुकं सगळीकडे सारखंच असतं, पण त्या धुक्यात उतरणाऱ्या विमानाला खालून मिळणारी मदत सारखी नसते. मोठ्या विमानतळाला यंत्रं आहेत. छोट्या धावपट्टीला बऱ्याचदा फक्त माणसाचे डोळे आहेत.

२८ जानेवारीच्या सकाळी काय घडलं?

२८ जानेवारी २०२६, बुधवार. राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार जिल्हा परिषद निवडणुकीच्या प्रचारसभांसाठी मुंबईहून बारामतीला निघाले होते. विमान लिअरजेट ४५ जातीचं, म्हणजे मोजक्या प्रवाशांचं छोटं जेट. बारामतीच्या धावपट्टीजवळ ते कोसळलं आणि पेटलं. अजितदादांसह विमानातील पाचही जणांचा मृत्यू झाला.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने त्याच दिवशी घटनाक्रम जाहीर केला. तो नीट वाचण्यासारखा आहे. सकाळी ८ वाजून १८ मिनिटांनी विमानाचा बारामतीशी पहिला संपर्क झाला. वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता विचारली. वारा शांत, दृश्यमानता साधारण ३,००० मीटर, असं खालून सांगण्यात आलं. पहिल्यांदा उतरायला आल्यावर धावपट्टी दिसत नाही म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं. दुसऱ्यांदा आले तेव्हाही आधी ‘धावपट्टी अजून दिसत नाही’ असंच उत्तर आलं. काही सेकंदांनी ‘दिसली’ असा निरोप आला. ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरायची परवानगी मिळाली. त्या परवानगीला विमानातून पोच मिळाली नाही. ८ वाजून ४४ मिनिटांनी धावपट्टीच्या टोकाशी ज्वाळा दिसल्या.

मंत्रालयाच्या याच निवेदनात आणखी एक वाक्य होतं, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. बारामती हे ‘अनियंत्रित’ हवाई क्षेत्र आहे. म्हणजे तिथं मुंबई-पुण्यासारखा नेहमीचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष नाही. येणाऱ्या विमानाला माहिती देण्याचं काम तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक करतात.

अपघात नेमका कशामुळे झाला, यावर अंतिम शब्द विमान अपघात तपास ब्युरोचाच असेल. विमानात काही बिघाड होता का, वैमानिकांना काय दिसलं आणि काय नाही, हे ब्लॅक बॉक्स आणि अवशेष तपासून ठरतं. त्यामुळे वैमानिकांना किंवा आणखी कुणाला आताच दोषी ठरवून मोकळं होणं बरोबर नाही. पण खाली जमिनीवर कोणती सोय होती आणि कोणती नव्हती, हे बघायला कुणी अडवलेलं नाही.

धुकं येतं कुठून?

हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. ज्या रात्री आभाळ स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो आणि जमिनीत ओल असते, त्या रात्री जमीन भराभर थंड होते. जमिनीला टेकलेली हवाही थंड होते. हवेतल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात आणि ते तरंगत राहतात. हेच धुकं. सूर्य वर आला, जमीन तापली, जरा वारा सुटला की ते विरतं.

म्हणून ते कुठं जास्त पडतं, हेही ठरलेलं असतं. नदीकाठ, तळ्याकाठ, कालव्याखालचं ओलिताचं रान, उसाचा पट्टा, दोन डोंगरांमधला सखल भाग. बारामतीचा परिसर कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यातला आणि कालव्याच्या पाण्यावर पिकणारा. पनवेलला ऊस नाही, पण खाडी आहे, खाजणं आहेत, गाढी-कासाडी-काळुंद्रे या नद्या आहेत आणि एका बाजूला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आहेत.

त्यात धूर आणि धूळ मिसळली की गोष्ट आणखी बिघडते. थेंब तयार व्हायला बारीक कण लागतात. हवेत धूर-धूळ जितकी जास्त, तितके थेंब जास्त आणि पुढचं दिसणं तितकं कमी. वीटभट्टी, खडी क्रशर, बांधकामाची धूळ, कारखान्यांचा धूर, उघड्यावर पेटवलेला कचरा, हे सगळं थंडीत वर न जाता खालीच साचतं. पनवेल-तळोजा पट्ट्यात हिवाळ्याच्या सकाळी जो राखाडी थर दिसतो, तो नुसतं धुकं नसतो.

हवामान खात्याच्या भाषेत १,००० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात. २०० मीटरच्या आत आलं की दाट आणि ५० मीटरच्या आत आलं की अति दाट. म्हणजे बारामतीत सांगितलेली ३,००० मीटर दृश्यमानता हवामान खात्याच्या व्याख्येत ‘धुकं’सुद्धा नाही. रस्त्यावर ३ किलोमीटर पुढचं दिसत असेल तर कुणी हेडलाइटसुद्धा लावणार नाही. मग विमानाला ते कमी कसं पडतं?

३ किलोमीटर म्हणजे ४९ सेकंद

हिशेब करून बघा. छोटं जेट उतरताना साधारण ताशी २२० किलोमीटर वेगाने येतं असं धरू. म्हणजे सेकंदाला ६१ मीटर. ३ किलोमीटर अंतर ते ४९ सेकंदांत पार करतं. नेहमीच्या उताराने येणारं विमान धावपट्टीपासून ३ किलोमीटरवर असताना जमिनीपासून जेमतेम ५०० फुटांवर असतं. त्या ४९ सेकंदांत वैमानिकाने धावपट्टी शोधायची, विमान तिच्या सरळ रेषेत आणायचं, उंची आणि वेग जुळवायचा आणि चाकं टेकवायची. धावपट्टी दिसायला २० सेकंद उशीर झाला, तर हातात उरतात २९.

म्हणूनच फक्त डोळ्यांवर विसंबून उडायचं असेल, तर साधारणपणे किमान ५ किलोमीटरची दृश्यमानता हवी असा नियम आहे. ५ किलोमीटर म्हणजे ८० सेकंदांच्या आसपास. हा आकडा कुणीतरी उगाच ठरवलेला नाही.

दुसरी अडचण त्याहून फसवी आहे. धुक्यात अंगणात उभं राहून वर बघितलं तर कधी कधी निळं आभाळ दिसतं, चांदण्याही दिसतात. पण समोर बघितलं तर शेजारच्याचं घर दिसत नाही. कारण धुक्याचा थर उंचीला कमी आणि पसरलेला जास्त असतो. विमानाचंही तसंच होतं. बरोबर डोक्यावरून जाताना वैमानिकाला खाली धावपट्टी स्वच्छ दिसते, कारण नजर थराच्या आरपार उभी जाते. तेच विमान वळून उतरायला समोरून आलं की नजर तिरकी होते आणि त्याच थरातून कितीतरी लांब जाते. मघाशी दिसलेली धावपट्टी गायब होते. थर सगळीकडे सारखाही नसतो, त्यामुळे ती क्षणभर दिसते आणि पुन्हा जाते.

शिवाय खालच्या माणसाला जे ३ किलोमीटर दिसतात, ते तो जमिनीवरून आडवं बघून सांगतो. ओळखीची टाकी दिसते का, तो डोंगर दिसतो का, यावरून अंदाज बांधला जातो. वैमानिक बघतो वरून, तिरकं, सूर्य कधी पाठीशी तर कधी डोळ्यांवर. दोघंही खरंच बोलत असतात, पण दोघांना वेगवेगळं दिसत असतं.

मोठ्या विमानतळावर काय वेगळं असतं?

उलव्याच्या विमानतळाचंच उदाहरण घ्या. तिथली धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. विमानं उतरवण्याआधी कित्येक महिने चाचण्या झाल्या. ११ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचं सी-२९५ विमान उतरलं, २९ डिसेंबर २०२४ ला इंडिगोचं प्रवासी विमान चाचणीसाठी उतरलं, ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्यानंतरही अडीच महिन्यांनी प्रवासी सेवा सुरू झाली.

अशा विमानतळावर चार गोष्टी असतात.

पहिली, आयएलएस. धावपट्टीजवळच्या अँटेनांमधून रेडिओ लहरींची एक अदृश्य घसरगुंडीच हवेत तयार केलेली असते. विमान डावीकडे गेलं की उजवीकडे, वर राहिलं की खाली, हे वैमानिकाला समोरच्या काट्यावर दिसतं. साध्या दर्जाची आयएलएस असेल तर सुमारे ५५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं. त्यातही २०० फुटांवर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत, नाहीतर विमान वर न्यायचं. दिल्लीसारख्या ठिकाणी त्याहून वरच्या दर्जाची यंत्रणा आहे, म्हणून तिथं ५० मीटरच्या धुक्यातही विमानं उतरतात. अर्थात विमानात तशी यंत्रं आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षण असेल तरच.

दुसरी, दृश्यमानता मोजणारं यंत्र. धावपट्टीच्या कडेला दोन खांब. एकातून प्रकाश सोडायचा, दुसऱ्यावर किती पोहोचला ते मोजायचं. डोळ्यांनी अंदाज नाही, थेट आकडा. हे यंत्र आपल्याच देशात बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बनवलं आहे. नावही सुंदर आहे, ‘दृष्टी’.

तिसरी, दिवे. धावपट्टीच्या आधीपासून सुरू होणारी दिव्यांची रांग. आणि धावपट्टीच्या बाजूला ‘पापी’ नावाचे चार दिवे. नाव विचित्र असलं तरी काम पुण्याचं आहे : दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही लाल दिसले तर विमान फार खाली आलंय.

चौथी आणि सगळ्यात मोठी, नियंत्रण कक्षात बसलेला परवानाधारक माणूस. त्याचं कामच हे. हवामान ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलं की तो ते तसंच सांगतो. समोर कुणाचं विमान आहे, याचा त्याच्या आकड्यावर परिणाम होत नाही.

एवढं असूनही अपघात होत नाहीत असं नाही. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबई विमानतळावर, जोरदार पावसात, याच लिअरजेट ४५ जातीचं विमान उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. त्या वेळी दृश्यमानता ७०० मीटर होती. पण विमानतळावरच अग्निशमन दल तयार होतं आणि आठही जण वाचले. यंत्रणा अपघात टाळतेच असं नाही, पण जगण्याची संधी नक्की वाढवते.

नावं वेगळी, गोष्ट तीच

हिवाळा, सकाळ किंवा रात्र, कमी दृश्यमानता आणि छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर. ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते.

५ जानेवारी २०२३ च्या रात्री मध्य प्रदेशातल्या रीवा इथं प्रशिक्षणाचं छोटं विमान धुक्यात उतरायला आलं. धावपट्टीऐवजी ते जवळच्या उमरी गावातल्या मंदिराच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकलं. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक जखमी झाला. गावकरी झोपेतून उठून धावत आले, तेव्हा त्यांच्या देवळाजवळ विमानाचे तुकडे पडले होते.

२ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी पुण्याच्या बावधनमध्ये हेलिकॉप्टर डोंगराळ भागात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्या सकाळी तिथं धुकं होतं. हे हेलिकॉप्टर जुहूला जाऊन रायगडच्या खासदारांना घेणार होतं आणि आपल्याच जिल्ह्यात सुतारवाडीला येणार होतं. त्याआधी ३ मे २०२४ ला महाडमध्ये प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरताना कलंडलं होतं. तिथं धुक्याचा संबंध नव्हता, सुदैवाने जीवही गेला नाही. पण तात्पुरत्या मैदानावर उतरणं किती नाजूक असतं, हे महाडकरांनी डोळ्यांनी पाहिलं.

८ डिसेंबर २०२१ ला तमिळनाडूत कुन्नूरजवळ देशाचे संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. १४ जण गेले. तिन्ही सैन्यदलांच्या चौकशीत यांत्रिक बिघाड किंवा घातपात आढळला नाही. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाचा दिशेचा अंदाज चुकला, असा निष्कर्ष निघाला. तो निष्णात वैमानिक होता, तरीही.

आणि हे फक्त भारतात होतं असंही नाही. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेत जगप्रसिद्ध बास्केटबॉल खेळाडू कोबी ब्रायंट आणि त्यांची मुलगी यांच्यासह नऊ जण हेलिकॉप्टर अपघातात गेले. सकाळ, धुकट हवा, डोंगर. तिथल्या तपास यंत्रणेने वैमानिकाचा निर्णय चुकल्याचं सांगितलंच, पण एक वेगळी गोष्टही नोंदवली : प्रवाशाला वेळेवर पोहोचवायचंच, हा दबाव वैमानिकाने स्वतःवरच घेतला होता. कुणी त्याला दटावलं नव्हतं. त्याच्या मनानेच त्याला मागे फिरू दिलं नाही.

थंड देशांत हिवाळ्यात पंखांवर बर्फ साचतो, धावपट्टी निसरडी होते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपला हिवाळ्यातला शत्रू म्हणजे सकाळचे दोन-तीन तास टिकणारा धुक्या-धुराचा थर. आणि त्याच्या जोडीला घाई.

‘साहेब, आज नाही उतरता येणार’ हे कोण म्हणणार?

आपल्याकडे पुढाऱ्याचा दौरा कसा असतो, हे गावागावाला माहीत आहे. सकाळी नऊची सभा, साडेदहाला दुसरी, बाराला तिसरी. मंडप सजलेला, माणसं बसलेली, माइकवर कुणीतरी ‘साहेब दहाच मिनिटांत पोहोचताहेत’ म्हणतंय. एक सभा चुकली की पुढचं सगळं कोसळतं. निवडणुकीत तर प्रत्येक तास मोजलेला.

अशा वेळी वैमानिकासमोर तीन रस्ते असतात. एक, हवेतच घिरट्या घालत धुकं उठायची वाट बघणं. दोन, दुसऱ्या विमानतळावर जाणं. तीन, पुन्हा प्रयत्न करणं. बारामतीपासून पुण्याचा लोहगाव विमानतळ हवेतून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथून गाडीने बारामती दोन-अडीच तास. म्हणजे खरा हिशेब होता तो दोन-अडीच तासांचा.

घरी बसून नंतर असा हिशेब मांडणं सोपं असतं, हे मान्यच करायला हवं. त्या क्षणी विमानात काय बोलणं झालं, काय दिसलं, हे तपासातून कळेल. प्रश्न त्या एका दिवसाचा नाहीच. प्रश्न हा आहे की अशा प्रत्येक सकाळी ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी एकट्या वैमानिकावर का टाकायची?

मोठ्या विमानतळावर ती जबाबदारी वाटून घेतलेली असते. यंत्र आकडा दाखवतं, नियंत्रक तो सांगतो, कंपनीचा नियम पुस्तकात लिहिलेला असतो, आणि प्रवासी शे-दीडशे असल्याने एकाचं कुणाचं ऐकायचा प्रश्नच येत नाही. विमान दुसरीकडे वळवलं तर लोक चिडतात, पण वैमानिकाची नोकरी जात नाही. छोट्या भाड्याच्या विमानात प्रवासी मागे हाताच्या अंतरावर बसलेला असतो. तोच गिऱ्हाईक, तोच मोठा माणूस. खाली मोजणारं यंत्र नाही आणि ठामपणे थांबवणारा अधिकारी नाही. मग सगळा भार येतो दोन माणसांच्या डोळ्यांवर आणि त्यांच्या धाडसावर. धाडस हा सुरक्षिततेचा पाया असूच शकत नाही.

पुढाऱ्यांनी, उद्योगपतींनी आणि कार्यकर्त्यांनीही इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘साहेब उशिरा येतील, धुकं आहे’ असं माइकवर सांगायला लाज वाटायचं कारण नाही. लोक लोकलची वाट बघतात, एसटीची बघतात, नेत्याचीही बघतील.

दुसऱ्या दिवशी जे आलं, ते आधी का नव्हतं?

अपघातानंतर लगेचच हवाई दलाचं पथक बारामतीला पोहोचलं आणि तिथं तात्पुरती हवाई नियंत्रण आणि हवामानाची सेवा सुरू झाली. म्हणजे अशी सोय उभी करणं अशक्य नव्हतं. माणसं होती, साधनं होती, फक्त ती तिथं नव्हती.

आणि हे एकट्या बारामतीचं नाही. लातूर, नांदेड, यवतमाळ, धाराशिव आणि बारामती या पाच धावपट्ट्या २००९ मध्ये राज्याने एका खासगी कंपनीला चालवायला दिल्या होत्या. नंतर सरकारने त्या परत ताब्यात घेण्याची भूमिका घेतली. या सगळ्या वर्षांत चर्चा झाली ती टर्मिनल, नवीन मार्ग आणि उद्घाटनांची. हवा मोजणाऱ्या यंत्राचं कुणी उद्घाटन करत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. बारामतीत तर इशारे आधीच मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं त्या परिसरात कोसळली होती.

प्रत्येक धावपट्टीवर लगेच आयएलएस बसवणं शक्य नाही, हे खरं. ती महाग आहे, तिला जागा आणि सततची देखभाल लागते. पण मधला रस्ता आहे. आपल्या देशाची ‘गगन’ नावाची उपग्रह यंत्रणा आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ती उभी केली. जमिनीवर अँटेना नसतानाही ती विमानाला उतरायचा नेमका मार्ग दाखवते. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगड या छोट्या विमानतळावर इंडिगोचं विमान याच यंत्रणेच्या आधारे उतरवून दाखवलं गेलं. मुंबई-दिल्लीसाठी नाही, किशनगडसारख्या ठिकाणांसाठीच ती खरी उपयोगाची आहे. त्यासाठी त्या त्या धावपट्टीचा मार्ग आखून मंजूर करून घ्यावा लागतो आणि विमानात त्याचं यंत्र लागतं.

त्याआधी तीन साध्या गोष्टी व्हायला हव्यात. जिथं मोठ्या माणसांची किंवा प्रवाशांची जेट विमानं उतरतात, तिथं हवामान मोजणारं स्वयंचलित यंत्र हवं. उड्डाण येणार असेल त्या वेळेपुरता तरी प्रशिक्षित नियंत्रक हवा. आणि दृश्यमानता ठरलेल्या आकड्याखाली असेल तर ती धावपट्टी त्या वेळेपुरती बंद, असा नियम हवा. विनंती नको, सल्ला नको, सरळ बंद. म्हणजे वैमानिकाला ‘नाही’ म्हणावंच लागणार नाही, नियमच म्हणेल.

पनवेलकरांना याचं काय?

पहिली गोष्ट, घाबरायचं कारण नाही. उलव्याच्या विमानतळावर धुकं पडलं तर विमानं उशिरा सुटतील, घिरट्या घालतील किंवा दुसरीकडे वळतील. अशा दिवशी डोक्यावर विमानाचा आवाज पुन्हा पुन्हा आला, उतरता उतरता विमान परत वर गेलं, तर मोबाइल काढून ‘मोठा अपघात टळला’ असा व्हिडिओ फिरवू नका. विमान परत वर नेणं म्हणजे गडबड नव्हे. वैमानिकाने नियम पाळल्याचं ते लक्षण आहे. ज्याला परत वर जायला लाज वाटत नाही, तोच खरा चांगला वैमानिक.

दुसरी गोष्ट, घरातलं कुणी त्या विमानात असेल आणि विमान वळवलं म्हणून फोन आला, तर विमान कंपनीच्या माणसावर ओरडू नका. उशिरा का होईना, माणूस घरी येतोय.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. हिवाळ्यात उघड्यावर कचरा, टायर, पालापाचोळा पेटवणं बंद झालं, तर दृश्यमानता थोडी तरी सुधारेल. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा आणि प्राण्यांचे अवशेष टाकायला कायद्याने आधीच मनाई आहे, कारण त्यावर पक्षी येतात. संक्रांतीला पतंग, लग्नात लेझर लाइट, हौसेचे ड्रोन, हे सगळं उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत नको. खालच्या ५०० फुटांत वैमानिकाकडे किती सेकंद असतात, ते वर सांगितलंच आहे. ग्रामपंचायती आणि महापालिकेने क्रशर, भट्ट्या आणि कचऱ्याच्या आगीकडे आता प्रदूषणाबरोबरच विमानांच्या नजरेनेही बघायला हवं.

चौथी गोष्ट, प्रश्न विचारायचा आहे. आपल्या जिल्ह्यात निवडणुकीत, यात्रेत, उद्घाटनांना हेलिकॉप्टर उतरतात. कधी शाळेच्या मैदानात, कधी शेतात. तिथं परवानगी देताना त्या सकाळचं हवामान कोण मोजतो? किती मीटर दिसलं तर हो आणि किती दिसलं तर नाही? हा आकडा कुठं लिहिलेला असतो? गावच्या सरपंचापासून तहसीलदारांपर्यंत कुणालाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. मैदान गावाचं आहे, आणि काही झालं तर सगळ्यात आधी धावत जाणारेही गावकरीच असतात. उमरीत तेच झालं, बावधनला तेच झालं, बारामतीतही तेच झालं.

धुकं दर हिवाळ्यात येणार. नऊ-साडेनऊपर्यंत बहुतेक वेळा ते उठतंही. शेतकरी फवारणीसाठी तेवढा वेळ थांबतो, ट्रकवाला घाटाखाली थांबतो, लोकल सिग्नलला थांबते. थांबायची सोय नसते ती हवेतल्या माणसाला. म्हणून त्याच्यासाठी खाली जमिनीवर कुणीतरी मोजणारं आणि वेळेवर ‘परत जा’ म्हणणारं असायला हवं.